उतारा आपल्या नावावर असताना परवानगी कशासाठी? जागा-जमिनीविषयी वाचकांचे प्रश्न

या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे एकाच अडचणीभोवती फिरतात. जमीन वडिलार्जित आहे, उताऱ्यावर नाव आहे, शेतसारा किंवा घरफाळा वेळच्या वेळी भरला जातो. आणि तरीही बांधकामाला परवानगी मिळत नाही, प्लॉट नावावर होत नाही, किंवा एके दिवशी कळते की आपल्याच शेतातून रस्ता दाखवला आहे. जमीन कोणाची, हे महसूल खात्याचे कागद सांगतात. तिचा वापर कशासाठी करता येईल, हे मास्टर प्लॅन आणि त्याला जोडलेली झोनिंग नियमावली ठरवते. दोन्हींची कार्यालये वेगळी आहेत आणि कायदेही वेगळे आहेत, त्यामुळे एका ठिकाणी कागद साफ असला म्हणून दुसऱ्या ठिकाणचे काम आपोआप होत नाही.

सीमाभागात यात आणखी एक गोष्ट मिसळते. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. त्यामुळे सातबारा, गावठाण, एनए (बिगरशेती), कूळ हे शब्द आपल्या तोंडी आजही तसेच आहेत. कायदे मात्र कर्नाटकाचे आहेत. मराठीत छापून येणारी किंवा मोबाईलवर ऐकायला मिळणारी जमिनीविषयीची बहुतेक माहिती महाराष्ट्राच्या कायद्यांची असते, आणि तिच्या भरवशावर आपली माणसे येथे पैसे गुंतवतात. पहिला प्रश्न नेमका याच स्वरूपाचा आहे.

प्रश्न : आमचे एक एकर शेत गावठाणाला लागून आहे. चंदगडकडील मामा सांगतात की गावठाणापासून दोनशे मीटरपर्यंत आता एनए करावे लागत नाही. मुलासाठी तेथे घर बांधायला घेतले तर चालेल का? (एक शेतकरी, उचगाव)

उत्तर : मामा सांगतात ते महाराष्ट्रापुरते बरोबर आहे. तेथील जमीन महसूल कायद्यात कलम ४२-ड घालून गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनींना ही सवलत देण्यात आली. उचगावची जमीन कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ खाली येते. त्याच्या कलम ९५ प्रमाणे शेतजमिनीचा वापर दुसऱ्या कामासाठी करायचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, आणि गावठाणाजवळ असल्यामुळे आपोआप मिळणारी २०० मीटरची सवलत त्यात नाही. परवानगीशिवाय वापर बदलला तर कलम ९६ खाली दंड होऊ शकतो आणि बांधकाम हटवण्याची कारवाईही होऊ शकते.

शेतीच्या कामासाठी विहीर, गोठा किंवा शेतघर बांधायला मात्र कलम ९५ शेतकऱ्याला मोकळीक देते. शेतघराने व्यापलेली जागा एकूण धारणेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, म्हणजे आपल्या एका एकरात ती चार गुंठ्यांच्या वर जाता कामा नये; त्याशिवाय नियमांत ठरवलेली कमाल मर्यादा असते, ती तहसीलदार कार्यालयात विचारून घ्यावी. असे घर शेतीचाच भाग समजले जाते. मुलाला उद्या गृहकर्ज काढायचे असेल, किंवा तेवढाच तुकडा त्याच्या नावावर करून द्यायचा असेल, तर शेतघराचा उपयोग होणार नाही. त्यासाठी रीतसर बिगरशेती करून घेणेच योग्य.

अर्ज करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. पहिली, आपला सर्व्हे नंबर बुडाच्या (बेळगाव नागरी विकास प्राधिकरणाच्या) नियोजन क्षेत्रात येतो का, आणि येत असल्यास मास्टर प्लॅनमध्ये तो कोणत्या झोनमध्ये आहे. निवासी पट्ट्यात असेल तर काम सरळ आहे. शेती पट्ट्यात असेल तर आधी नगर व ग्राम नियोजन कायदा १९६१ च्या कलम १४-अ खाली वापरबदल मागावा लागतो, आणि तो मिळेलच अशी खात्री धरू नये. दुसरी गोष्ट अशी की जमीन भावांच्या सामाईक नावावर असेल तर नुसत्या तोंडी वाटणीवर अर्ज पुढे सरकत नाही. मोजणी करून ११-ई नकाशा (विभागणीपूर्वीचा मोजणी नकाशा) घ्यावा, पोटहिस्सा वेगळा करावा आणि मगच आपल्या हिश्श्याचा अर्ज करावा.

प्रश्न : आमची दोन एकर जमीन आहे. एक एजंट म्हणतो की पंचायतीचा ठराव करून घेऊ, ३० बाय ४० चे साठ प्लॉट पाडू, खर्च सगळा त्याचा आणि पैसे निम्मे-निम्मे. बुडाकडे गेलात तर निम्मी जमीन हातची जाईल, असेही तो सांगतो. यात कितपत तथ्य आहे? (दोघे भाऊ, कंग्राळी)

उत्तर : जमिनीचा बराच भाग सोडावा लागतो, हे त्याचे म्हणणे खरे आहे. तो का सोडावा लागतो, हे मात्र त्याने सांगितलेले दिसत नाही.

दोन एकर म्हणजे ८० गुंठे, ८७,१२० चौरस फूट. नियोजन कायद्याच्या कलम १७ खाली लेआउट मंजूर करून घेताना १० टक्के जागा उद्यान व मोकळ्या जागेसाठी आणि ५ टक्के नागरी सुविधांसाठी ठेवावी लागते. हे झाले सुमारे १३,००० चौरस फूट. रस्ते नियमाप्रमाणे रुंद ठेवले आणि त्यांत समजा ३० टक्के गेले, तर आणखी २६,००० चौरस फूट कमी होतात. उरतात ४७,९०० च्या आसपास, आणि त्यांत १,२०० चौरस फुटांचे ३९ प्लॉट बसतात. एजंटच्या साठ प्लॉटांना ७२,००० चौरस फूट लागतील. राहिलेल्या १५,००० चौरस फुटांत त्याला रस्ते, गटार, पाणी आणि विजेचे खांब हे सगळे बसवायचे आहे, म्हणजे एक गाडी उभी राहिली की दुसरी जाणार नाही असे बोळ तयार होतील आणि अग्निशामक दलाचा बंब आत शिरणार नाही. शहराच्या कडेच्या अनेक वसाहतींत पावसाळ्यात घरांत पाणी शिरते, त्याचे मूळ अशाच आखणीत आहे.

बुडाच्या नियोजन क्षेत्रात लेआउट मंजूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. पंचायत ई-स्वत्तूमध्ये (ग्रामपंचायतीच्या मिळकतींच्या ऑनलाइन नोंदवहीत) नमुना ११-ब खाली नोंद करून देऊ शकते, परंतु ती घरफाळ्यासाठीची नोंद असते आणि तिने प्लॉट कायदेशीर होत नाही. शिवाय ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर रेरा (स्थावर संपदा नियमन) कायदा २०१६ प्रमाणे प्रकल्पाची नोंदणी होण्याआधी जाहिरातही करता येत नाही आणि इसारही घेता येत नाही. आपली जमीन ८,००० चौरस मीटरच्या वर आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विक्रीच्या कागदावर सही आपली असणार, एजंटची नव्हे. उद्या साठ घेणारे दारात आले किंवा कोर्टात गेले तर तो त्यांच्यासमोर नसेल. विकसकाशी भागीदारी करण्यात गैर काहीच नाही, मात्र करार नोंदणीकृत असावा, मंजुरी कोणी आणि किती मुदतीत आणायची हे त्यात लिहिलेले असावे, आणि विक्रीचा अधिकार देणारे मुखत्यारपत्र लेआउट मंजूर होण्यापूर्वी कोणाच्याही हाती देऊ नये. मंजूर लेआउटमधील ३९ प्लॉटांवर बँक कर्ज देते. एजंटच्या साठ प्लॉटांवर देणार नाही, आणि भावातला फरक तेथेच पडतो. हिशेब मांडताना प्लॉटांच्या संख्येबरोबर हेही धरा.

प्रश्न : माझ्या मिस्टरांनी २०१२ साली वडगाव भागात ३० बाय ४० चा प्लॉट शंभर रुपयांच्या बाँडवर घेतला. पूर्ण पैसे दिले, पत्र्याचे छप्पर घालून आम्ही राहायलाही आलो. मिस्टर आता नाहीत. ज्यांच्याकडून घेतला ते शेतकरीही वारले आणि त्यांची मुले म्हणतात, उताऱ्यावर नाव आमचेच आहे. घर आमच्या नावावर होण्यासाठी काय करावे? (एक भगिनी, वडगाव)

उत्तर : आपल्यासारखी पत्रे सर्वाधिक येतात, म्हणून येथे सविस्तर लिहितो. घडलेली गोष्ट आधी नीट समजून घ्या, कारण तिच्याविषयी चुकीची आशा दाखवून पैसे काढणारे पुष्कळ लोक आपल्या आजूबाजूला आहेत.

बाँडवर लिहून दिल्याने स्थावर मिळकतीची मालकी बदलत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या जागेचे खरेदीपत्र उपनोंदणी कार्यालयात नोंदलेले असावे लागते. मुखत्यारपत्र, करारपत्र आणि मृत्युपत्र असे कागद एकत्र करून केलेल्या व्यवहारानेही मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. त्यामुळे त्या शेतकऱ्याची मुले उताऱ्याविषयी सांगतात ते खोटे नाही. तथापि याचा अर्थ आपण रस्त्यावर आलात असाही होत नाही. पैसे दिल्याचा लेखी पुरावा आणि इतक्या वर्षांचा ताबा यांना कायद्यात किंमत आहे, आणि राहत्या घरातून कोणालाही कोर्टाच्या मार्गाशिवाय दांडगाईने बाहेर काढता येत नाही.

पहिले काम कागद गोळा करण्याचे. मूळ बाँड, पैसे दिल्याच्या पावत्या किंवा बँकेच्या नोंदी, विजेची बिले, रेशनकार्ड आणि मतदार यादीतील पत्ता, घरफाळ्याची पावती असल्यास ती, असे सगळे एका ठिकाणी ठेवा. बाँडची मूळ प्रत कोणालाही देऊ नका. दाखवायची असेल तर झेरॉक्स द्या. बाँडवर साक्षीदार म्हणून सह्या केलेल्यांपैकी कोण हयात आहे तेही पाहून ठेवा. मिस्टरांच्या पश्चात आपण व मुले वारस आहात, म्हणून वारसा प्रमाणपत्रही काढून घ्या.

दुसरे काम त्या सर्व्हे नंबरचा चालू उतारा काढण्याचे. तो कर्नाटक सरकारच्या भूमी संकेतस्थळावर मिळतो. स्तंभ ९ मध्ये मालकांची नावे व क्षेत्र असते आणि स्तंभ ११ मध्ये इतर हक्क व बोजे असतात. आपल्या प्रकरणात स्तंभ ११ फार काळजीपूर्वक पाहावा लागेल. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर तो तेथे दिसतो. जमीन कूळकायद्याखाली मिळालेली असेल, म्हणजे विकणाऱ्याच्या आजोबांनी फॉर्म नंबर ७ भरून ती आपल्या नावावर करून घेतली असेल, तर कर्नाटक जमीन सुधारणा कायद्याच्या कलम ६१ प्रमाणे १५ वर्षे हस्तांतरणाला बंदी असते. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारने दिलेली जमीन असेल तर १९७८ चा स्वतंत्र कायदा लागू होतो. सरकारच्या परवानगीशिवाय झालेली तिची विक्री रद्द ठरते आणि जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाऊ शकते. या दोहोंपैकी एखादी अडचण निघाली तर पुढचा एकही रुपया खर्च करण्यापूर्वी वकिलांना भेटा.

आता उपायांकडे येऊ. कराराप्रमाणे खरेदीपत्र करून द्यावे, असा दावा दिवाणी न्यायालयात करता येतो, पण त्याला तीन वर्षांची मुदत असते. करारात तारीख ठरलेली असेल तर ती तारखेपासून मोजली जाते; ठरलेली नसेल तर खरेदी करून देण्यास नकार दिल्याचे आपल्याला समजले तेव्हापासून मोजली जाते. मुलांनी आपल्याला नकार कधी कळवला, तोंडी की लेखी, हे म्हणूनच महत्त्वाचे आहे. त्याची तारीख आठवून लिहून ठेवा आणि विनाविलंब वकिलांकडे जा. या एका गोष्टीत दिरंगाई करू नका.

दावा जिंकला तरी दुसरा अडसर उभा राहतो. बिगरशेती न झालेल्या, मंजूर लेआउट नसलेल्या जमिनीतील एकट्या प्लॉटचे खरेदीपत्र नोंदवून घेण्यात अडचण येते, कारण २०२४ पासून शहरी मिळकतीच्या नोंदणीला ई-खाता (मिळकतीचा ऑनलाइन कर-उतारा) मागितला जातो. त्यामुळे मला सर्वांत व्यवहार्य वाटणारा मार्ग हा आहे की त्या सर्व्हे नंबरमध्ये बाँडवर प्लॉट घेतलेली सगळी कुटुंबे आणि मूळ मालकाचे वारस यांनी एकत्र बसून संपूर्ण जमिनीच्या बिगरशेतीचा आणि लेआउटचा अर्ज करावा. त्यात कोणाच्या अंगणातील दोन फूट रस्त्याला द्यावे लागतील आणि वारसांना काही रक्कमही द्यावी लागेल. हे बोलणे सोपे नाही, वर्षानुवर्षे अडते हेही खरे आहे; पण सोळा-सतरा कुटुंबे एकत्र आली की वारसांनाही तोडगा हवासा वाटतो, कारण त्यांच्या नावावरील त्या जमिनीचा त्यांनाही दुसरा काही उपयोग करता येत नाही.

आपल्या कानांवर आणखी तीन नावे पडली असतील. पहिले अक्रम-सक्रम. बेकायदा लेआउट व बांधकामे दंड घेऊन नियमित करण्याच्या त्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये स्थगिती दिली, म्हणून त्या नावाखाली फॉर्म भरून देतो असे म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. दुसरे ९४-सी आणि ९४-सीसी. ही कलमे सरकारी जमिनीवर घरे बांधून राहिलेल्या लोकांसाठी आहेत, खासगी शेतजमिनीवरील प्लॉटसाठी नाहीत. तिसरे बी-खाता. सरकारने २०२५ मध्ये शहरी भागातील अनधिकृत मिळकतींना बी-खाता देण्याची मोहीम काढली, परंतु त्यासाठीही १० सप्टेंबर २०२४ पूर्वीचा नोंदणीकृत दस्त लागतो, नुसता बाँड चालत नाही. शिवाय बी-खाता मिळाला म्हणजे लेआउट मंजूर झाला असे नव्हे. ती घरफाळ्याच्या वहीतील नोंद आहे, तिच्या बळावर बांधकाम परवाना मिळेल असे गृहीत धरू नये.

प्रश्न : अनगोळ शिवारातील आमची बारा गुंठे जमीन मास्टर प्लॅनमध्ये उद्यानासाठी दाखवली आहे. कित्येक वर्षे झाली, ना संपादन, ना भरपाई. पुण्याच्या नातेवाइकांनी खरेदी सूचना द्या असे सुचवले. ती कशी द्यावी? (एक निवृत्त शिक्षक, टिळकवाडी)

उत्तर : खरेदी सूचना ही महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातील कलम १२७ ची तरतूद आहे. तेथे दहा वर्षे थांबावे लागते, मग सूचना द्यावी लागते आणि त्यानंतर आणखी २४ महिने वाट पाहावी लागते. कर्नाटकाचा कायदा या बाबतीत मालकाच्या अधिक बाजूचा आहे, आणि तो आपल्या लोकांना माहीत नाही याचे मला वाईट वाटते. येथील नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे मास्टर प्लॅन प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांत ती जमीन सामोपचाराने घेतली गेली नाही, किंवा त्या मुदतीत भूसंपादनाची कारवाई सुरू झाली नाही, तर आरक्षण संपुष्टात आले असे समजले जाते.

आपल्याला तीन कागद लागतील. मास्टर प्लॅन मंजूर होऊन प्रसिद्ध झाल्याची तारीख दाखवणारी राजपत्रातील अधिसूचना, आपल्या सर्व्हे नंबरचा त्या नकाशातील वापर दाखवणारे प्राधिकरणाचे प्रमाणपत्र, आणि त्या जमिनीविषयी संपादनाची कोणतीही कारवाई सुरू झालेली नाही असे माहिती अधिकारात मिळवलेले उत्तर. हे हाती आले की आरक्षण संपल्याची नोंद घ्यावी आणि जमिनीला लगतच्या जमिनीप्रमाणे वापर द्यावा, असा लेखी अर्ज करून पोच घ्यावी. आरक्षण संपले म्हणजे जमीन लगेच निवासी झाली असे नाही; नवा वापर प्राधिकरणाने ठरवावा लागतो. उत्तर मिळाले नाही किंवा कारण न देता नकार मिळाला तर धारवाड येथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे रिट अर्ज करता येतो. मोबदला न देता मालमत्ता अडवून ठेवणे राज्यघटनेच्या कलम ३००-अ मध्ये बसत नाही. सूचना मिळण्याचा, म्हणणे ऐकले जाण्याचा, कारणासह निर्णय मिळण्याचा आणि न्याय्य भरपाईचा हक्क त्या कलमात अंतर्भूत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात सांगितले आहे.

एक खुलासा करतो. नकाशात उद्यान दाखवणे वेगळे आणि निवासी योजनेसाठी नागरी विकास प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १७ व १९ खाली अधिसूचना निघणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात कलम २७ पाहावे लागते; अंतिम अधिसूचनेनंतर पाच वर्षांत योजना बऱ्याच अंशी राबवली गेली नाही तर तीही संपते. कणबर्गीसारख्या योजनांत जमीन असलेल्यांनी आपली जमीन कोणत्या कलमाखाली अडकली आहे हे आधी पाहावे.

मास्टर प्लॅन साधारण दर दहा वर्षांनी सुधारला जातो. नवा आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती नोंदवण्यासाठी ६० दिवस असतात. आपले शेत नव्याने कोणत्या रंगात आले आहे हे त्याच दिवसांत पाहिले पाहिजे. त्या वेळी दोन पानांच्या अर्जाने जे काम होऊ शकते, त्यासाठी नंतर कोर्टात अनेक वर्षे जातात.

प्रश्न : रिंगरोडसाठी आमच्या भातशेतीचा सर्व्हे नंबर अधिसूचनेत आला आहे. नोटीस कन्नडमध्ये आहे, घरात कोणाला नीट वाचता येत नाही. आता शेती करायची की नाही? (एक शेतकरी कुटुंब, बेळगाव तालुका)

उत्तर : शेती थांबवू नका. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ च्या कलम ३-अ खालील अधिसूचना ही केवळ इरादा जाहीर करणारी असते. जमीन सरकारकडे जाते ती कलम ३-ड ची घोषणा झाल्यावर, आणि ती घोषणा पहिल्या अधिसूचनेपासून एका वर्षात झाली नाही तर पहिली अधिसूचना रद्द होते.

हरकतीसाठी २१ दिवस असतात आणि ते अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. नोटीस आपल्या हाती कधी आली, किंवा ती आपल्याला कधी समजली, याने मुदत वाढत नाही. सीमाभागातील कितीतरी शेतकऱ्यांची हरकत केवळ यामुळे राहून जाते. नोटीस आली त्याच दिवशी कन्नड जाणणाऱ्या माणसाकडून ती वाचून घ्या आणि सर्व्हे नंबर, क्षेत्र, कलम व तारीख या चार गोष्टी मराठीत टिपून ठेवा. आम्हाला कन्नड समजत नाही, मराठी प्रत द्यावी, ही मागणी जरूर करा, पण हरकतीचा अर्ज तिच्या उत्तराची वाट न पाहता आधी द्या.

जमीन देणार नाही, एवढ्या एका वाक्याची हरकत कमकुवत ठरते. जमीन दुबार पिकाची आहे का, विहीर किंवा कूपनलिका आहे का, रस्ता गेल्यावर शेताचे दोन तुकडे होऊन पलीकडे जायला वाट राहते का, पावसाचे पाणी कोणत्या बाजूला तुंबेल, घरातील किती माणसे या जमिनीवर जगतात, हे फोटोंसह लिहा. येळ्ळूर किंवा शहापूर शिवारातील बासमतीची जमीन आणि माळरान यांत फरक आहे, तो कागदावर उतरला पाहिजे. कलम ३-क खाली सुनावणी मागण्याचा हक्क आहे. ती मागा आणि हजर राहा.

संपादन झालेच तर ठरलेली भरपाई मान्य नसल्यास कलम ३-ग प्रमाणे लवादाकडे जाता येते. महामार्गासाठी गेलेल्या जमिनीलाही सांत्वन रक्कम (सक्तीच्या संपादनाबद्दलची जादा रक्कम) आणि व्याज मिळाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात ठरवले आहे. चेक घेताना तो हरकत राखून घेत असल्याचे लिहून द्या.

प्रश्न : निपाणीत माझ्या इमारतीला दोन मजल्यांची परवानगी होती, मी तिसरा चढवला. पाडतील का? (एक व्यापारी, निपाणी)

उत्तर : नोटीस दिल्याशिवाय पाडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाप्रमाणे किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने असेही बजावले आहे की पूर्णत्वाचा दाखला पाहिल्याशिवाय बँकांनी इमारतीवर कर्ज देऊ नये आणि वीज-पाण्याची कायम जोडणी दिली जाऊ नये. तिसरा मजला भाड्याने देण्याच्या किंवा गहाण ठेवण्याच्या विचारात असाल तर खरी अडचण तेथे येईल. नकाशा घेऊन नगरपालिकेत जा, आणि नियमांत बसणारा भाग सुधारित परवान्याने मंजूर करून घ्या.

प्रश्न : कॅम्पमधील (कॅन्टोन्मेंट भागातील) एक जुना बंगला विकत मिळत आहे. घ्यावा का? (एक वाचक, हिंडलगा)

उत्तर : बंगला ओल्ड ग्रँटचा, म्हणजे ब्रिटिशकाळात सरकारी जमिनीवर घर बांधायला दिलेल्या जागेवरचा, असेल तर जमीन सरकारची असते आणि विकणाऱ्याची मालकी फक्त बांधकामावर असते. कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या कार्यालयातील जमीन नोंदवहीत ती नोंद स्वतः पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.

प्रश्न : बळ्ळारी नाल्याजवळ वीस गुंठे जमीन घेण्याचा विचार आहे. उताऱ्यावर पूर्ण वीस गुंठे दिसतात, पण दलाल म्हणतो की नाल्याची अडचण किरकोळ आहे. काय पाहावे? (एक तरुण जोडपे, शहापूर)

उत्तर : उताऱ्याच्या स्तंभ ३ मध्ये एकूण क्षेत्राखाली फूट खराब अ आणि फूट खराब ब असे दोन आकडे असतात. अ खराब म्हणजे पिकाला अयोग्य असलेली, खडकाळ वगैरे जमीन. ती मालकाचीच राहते. ब खराब म्हणजे नाला, रस्ता, पायवाट अशा सार्वजनिक वापराची जागा. ती खातेदाराची नसते आणि त्याला विकताही येत नाही. वीस गुंठ्यांपैकी तीन गुंठे ब खराब असतील तर आपण सतरा गुंठ्यांचेच पैसे द्यायला हवेत. विकणारा बहुधा एकूण आकड्यावर भाव सांगतो.

उरलेल्या जमिनीतही नाल्याच्या काठापासून ठरावीक अंतर मोकळे सोडावे लागते. ते किती, हे नाल्याच्या प्रकारावर आणि मंजूर झोनिंग नियमावलीवर अवलंबून असते, म्हणून सर्व्हे नंबर घालून प्राधिकरणाकडून लेखी उत्तर घ्यावे. कोणाच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये. दिशांक नावाचे सरकारी ॲप मोबाईलवर घेऊन त्या जागेवर उभे राहिले तर आपण कोणत्या सर्व्हे नंबरमध्ये उभे आहोत आणि नाल्याची रेषा कोठून जाते, याचा अंदाज येतो. हद्द पक्की करण्यासाठी मात्र भूमापन खात्याची मोजणीच लागते.

शेवटी, नाल्याकाठच्या शेतकऱ्यांना भेटा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी कोणत्या बांधापर्यंत आले होते आणि किती दिवस उतरले नाही, हे त्यांना अचूक ठाऊक असते. त्यांनी दाखवलेली ती रेषा आणि मोजणीचा नकाशा दोन्ही समोर ठेवून घर बसेल एवढी कोरडी जागा उरते का ते पाहा, आणि मगच इसाराची बोलणी करा.